बंदुकीचा सैल खटका कुणी बसवायचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माकडं आणि रानडुकरांच्या उपद्रवाबद्दल आपल्या पानावर अधूनमधून पत्रं येतात. निवडणूक आली की शेतीसंरक्षणाच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्याबद्दलही येतात. मी ती वाचतो आणि बहुतेकांशी माझं जमतं. पण जमा नसताना त्या बंदुका आमच्या घरांत कुठल्या अवस्थेत असतात, याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. लिहायचं कारण असं की यंदा जानेवारीत एक खटका (चाप नव्हे, नळ्यांखालचं लाकूड धरून ठेवणारा) सैल झाला आणि माझ्याच बंदुकीच्या नळ्या माझ्याच पायावर पडल्या.

मी कुडाळ तालुक्यातला. एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं फिटर होतो, आता घरची बाग बघतो. माड, काजू, थोडी भातजमीन. बंदूक वडिलांची. बारा बोअरची दुनळी, दोन नळ्या शेजारी शेजारी. वडिलांनी ती १९६४ साली जुनीच विकत घेतली होती. नळ्यांखाली चपट्या भागावर बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे छोटे शिक्के आहेत. मुकुट, आणि त्याखाली बीपी, बीव्ही, एनपी. म्हणजे ती १९०४ नंतरची, एवढं नक्की. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. या बंदुकीनं मी आजवर एकही जनावर मारलेलं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर मला आवाज पुरतो. मोकळ्या डोंगराच्या अंगानं एक बार काढला की माकडांची टोळी तेवढ्या सकाळपुरती ओहोळापलीकडे जाते. दुसऱ्या दिवशी ती परत येतेच, ती गोष्ट वेगळी.

तर जानेवारीतली सकाळ. पावणेसात वाजले असतील. अंगावर शाल घ्यावी लागावी इतकी थंडी, आमच्याकडे वर्षातून पंधरा दिवस पडते तसली. माडांवर टोळी बसलेली, कोवळी शहाळी पटापट खाली. मी खळ्याच्या कडेला उभा राहून उजवी नळी उडवली. दुसरा बार राखून ठेवला आणि रिकामं काडतूस काढायला बंदूक उघडली. डाव्या हातात नुसतं लाकूड राहिलं. नळ्या यंत्रापासून सुटून खाली आल्या, आधी माझ्या पायाच्या अंगठ्यावर आणि तिथून जांभ्यावर. डाव्या नळीतलं न उडालेलं काडतूस घरंगळत पाचोळ्यात गेलं. आवाज ऐकून मंडळी बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माडाकडे आणि म्हणाल्या, "माकडा थयच आसत. तुमीच तेवढे लंगडे झालास."

ज्यांनी दुनळी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही बंदूक तीन तुकड्यांत सुटते. दस्त्यासकटचं यंत्र, नळ्या, आणि नळ्यांखाली डाव्या हाताला धरायचं लाकूड. या लाकडाला सगळे फोरेंड म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं ते नुसतं हाताला नळीचा चटका बसू नये म्हणून असेल. तसं नाही. नळ्यांच्या बुडाशी एक आकडा असतो, तो यंत्रातल्या खिळीत अडकतो. बंदूक उघडताना नळ्या त्या खिळीभोवती बिजागरीसारख्या फिरतात. आकडा खिळीतून निसटू नये म्हणून फोरेंडचं लोखंड समोरून बिजागरीला कवेत घेऊन बसतं. आणि ते लोखंड जागेवर धरून ठेवतो एक खटका. नळ्यांच्या पोटाला एक छोटी कडी डाग देऊन बसवलेली असते, तिच्या खाचेत खटक्याचं नाक अडकतं. बंदूक बंद असताना नळ्यांना आतून दुसरा भक्कम अडसर असतो, त्यामुळे बार काढताना नळ्या उडून जातील ही भीती नको. पण बंदूक उघडली की तो अडसर सुटतो आणि मग सगळा संसार त्या बोटभर खटक्यावर. तो सैल असेल तर बाराच्या धक्क्यानं फोरेंड निसटतं, आणि पुढच्या क्षणाला तुम्ही बंदूक उघडता तेव्हा माझं झालं ते होतं.

माझ्या बंदुकीला फोरेंडच्या पुढच्या टोकाला बटण आहे. ते आत दाबलं की दांडा मागे सरकतो आणि खटका सुटतो. सोडलं की स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. ही रचना विल्यम अ‍ॅन्सन नावाच्या बर्मिंगहॅमच्या कारागिराची, १८७२ सालची. पुढे १८७५ साली त्यानं डीली नावाच्या जोडीदाराबरोबर जे आतल्या घोड्यांचं यंत्र काढलं, ते आजही दुनळ्यांमध्ये वापरात आहे. दीडशे वर्षं चालणारी वस्तू ज्या माणसानं केली, त्याला मी फिटर म्हणून मान देतो. वाईट एवढंच वाटतं की ती चालू ठेवायला लागणारा माणूस आमच्या जिल्ह्यात मला सापडला नाही.

त्या दिवशी पडवीत बसून मी खटका बघितला. फोरेंड लावून अंगठ्यानं पुढेमागे ढकललं तर चांगलं अर्धा मिलिमीटर हलत होतं. बटण दाबून सोडलं तर ते पूर्ण बाहेर येत नव्हतं, मध्येच सुस्तावायचं. खटक्याचं नाक गोल झालेलं नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. माझ्या पडवीत व्हाइस आहे, कानशी आहेत, गॅसची बत्ती आहे. आयुष्यभर याहून नाजूक कामं केली. माझ्या हाताला खाज सुटली होती हे मी लपवत नाही.

वाडीतला एक पुतण्या आला. त्याच्याकडेही वडिलोपार्जित दुनळी आहे. म्हणाला, "काकानू, सायकलची टूब गुंडाळा. कायएक होवचा नाय." त्यानं स्वतःच्या बंदुकीला तेच केलंय. आणखी एकाकडे बाइंडिंगची तार आहे, नळ्यांसकट फोरेंडला चार वेढे. तिसऱ्या एका घरी काळी इन्सुलेशन टेप. या तिन्ही बंदुकांना वैध परवाना आहे, नूतनीकरण वेळच्या वेळी होतं, आणि कागद बघणाऱ्या कुणीही ती तार कधी बघितलेली नाही.

मी टूब गुंडाळली नाही आणि कानसही मारली नाही. कारण शस्त्र अधिनियम, १९५९. त्याचं कलम ५ असं आहे की शस्त्र बनवणं, विकणं याबरोबरच दुरुस्त करायलाही परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा माझा परवाना वेगळा, तो पुतण्याच्या खटक्याला कानस लावायला चालत नाही. स्वतःच्या खटक्याला लावायला चालतो का, हे मी दोन जाणत्या माणसांना विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली आणि दोघांनीही शेवटी "नकोच ती भानगड" असं म्हटलं. एसटीचे ब्रेक ज्याच्या हातावर सोडून पन्नास माणसं घाट उतरत होती, त्यानं स्वतःच्या बंदुकीतली इंचभर स्प्रिंग बदलावी की नाही याचा खल करत बसायचं. कायदा असा का आहे हे मला कळतं. उद्या गावोगाव कुणीही नळ्यांना डाग द्यायला लागला तर काय होईल, तेही कळतं. माझं भांडण कायद्याशी नाही.

मग परवानाधारक दुरुस्तीवाला शोधायला निघालो. आमच्या बाजूचं जे जुनं दुकान होतं तिथे आता फक्त काडतुसं मिळतात. दुरुस्ती करणारे मिस्त्री वारले, त्यानंतर तिथे कुणी बसलंच नाही. शेवटी कोल्हापुरात एकांचा पत्ता लागला. पण माझ्या परवान्यावर हद्द लिहिलेली आहे. शेतीसंरक्षणाची बंदूक शेताजवळच राहावी, हे बरोबरच. ती जिल्ह्याबाहेर न्यायची तर नेण्याआणण्याची परवानगी हवी. ५ फेब्रुवारीला अर्ज टाकला, परवानगी १९ मार्चला हातात आली. ४२ दिवस. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी उद्धट बोललं नाही. नुसता कागद या टेबलावरून त्या टेबलावर आपल्या गतीनं चालत राहिला. तेवढ्यात काजू धरायचा तो धरला, माकडांनी खायचा तो खाल्ला.

जाताना आणखी एक गंमत. कुडाळहून कोल्हापूरला जाताना आम्ही सवयीनं फोंडाघाटातून वर चढतो, दाजीपूर, राधानगरी करत. पण दाजीपूर म्हणजे अभयारण्य, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र न्यायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून भाच्याला गाडी गगनबावड्यावरून घ्यायला लावली. बंदूक तीन तुकडे करून पेटीत, काडतुसं घरी, मूळ परवाना खिशात. भाचा वाटेत तीनदा म्हणाला की देवाची पालखी निघाल्यासारखं वाटतंय.

मिस्त्री सत्तरीपुढचे. वडिलांकडून हात शिकलेले. मुलाचं मोबाइलचं दुकान आहे आणि त्याच्याच मागच्या खोलीत यांचा बाक. नोंदवहीत बंदुकीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, कामाचं स्वरूप सगळं आधी लिहून घेतलं. मग नळ्या उघडून दोन्हीत करंगळी घालून बघितली. मी रिकामी आहे म्हणून सांगितलं होतंच. त्यांनी माझं ऐकलं आणि तरीही करंगळी घातली. तिथेच मला माणूस आवडला.

खटक्याला त्यांनी लगेच हात लावला नाही. आधी फोरेंड बाजूला ठेवलं, बंदूक बंद केली, दस्ता धरून कानाजवळ हलवली. म्हणाले, फोरेंड लावून हलवलं तर ते नळ्यांना मागे दाबून धरतं आणि बिजागरी झिजलेली असली तरी कळत नाही. काढून हलवायची. आवाज नाही. मग बंदूक खिडकीसमोर धरून नळ्यांचं बूड आणि यंत्राची भिंत यांच्यामध्ये उजेडाची चीर दिसते का ते बघितलं. नाही दिसली. मग नळ्या आकड्यात तार अडकवून अधांतरी टांगल्या आणि नखानं टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा आवाज. दोन नळ्यांच्या मधल्या पट्ट्या कथलाच्या डागानं चिकटवलेल्या असतात. डाग कुठे सुटला असता तर आवाज फुटक्या मडक्यासारखा आला असता. माझ्या पायावर पडून आणि जांभ्यावर आपटूनही नळ्या शाबूत होत्या. मला वाटतं अंगठ्यानं बराच मार स्वतःवर घेतला.

आता फोरेंड. त्याचे स्क्रू काढायला त्यांनी एक पेचकस घेतला, खाचेत घालून बघितला, बाहेर काढून कानशीवर दोनदा ओढला, परत घातला. खाचेत तो तंतोतंत बसेपर्यंत स्क्रूला हिसका दिला नाही. शंभर वर्षांचे स्क्रू, एकाचीही खाच उचकटली नाही. लोखंड लाकडातून बाहेर आलं आणि आत जे दिसलं त्यानं मला घाम फुटला. दांड्याभोवती, स्प्रिंगच्या वेढ्यांत, सगळीकडे पिवळट-तपकिरी मेण. मिस्त्रींनी ते नखावर घेतलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, ह्यो तेल न्हवं, ह्यो गूळ हाय. खोबरेल लावताय व्हय बंदुकीला?"

लावतो. वडील लावायचे, मीही लावत आलो. कोकणात खोबरेल कशाला लावत नाहीत? मी फिटर असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं की खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. उन्हाळ्यात दुपारी बंदूक काढली की खटका चोख चालायचा, म्हणून मला कधी संशय आला नाही. पण जानेवारीच्या सकाळी तेच तेल दगड होतं. बटण बाहेर आल्यासारखं दिसतं, आणि आत नाक जेमतेम खाचेच्या काठावर टेकलेलं. त्यात वर्षानुवर्षांचं जुनं तेल चिकट होऊन बसलेलं. एसटीत चुकीचं ग्रीस भरणाऱ्या शिकाऊ पोरांना मी काय काय बोललो होतो ते सगळं मला त्या बाकावर बसून आठवलं.

झीज नव्हती असं नाही. सगळं रॉकेलनं धुऊन पुसल्यावर नाकाचा गोलवा स्पष्ट दिसला. कडीची खाचही थोडी खाल्लेली. फट मोजायच्या पातळ पानांचं फीलर गेज मी घरून नेलं होतं, सवय. नाक आणि खाच यांमध्ये १२ थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पान सहज जात होतं. मी म्हटलं, कडीवरच थोडा धातू चढवा ना, खाच भरून येईल. मिस्त्रींनी मान हलवली. कडी नळ्यांना चिकटलेली. तिला भट्टीची आच दिली तर शेजारचं कथील आधी वितळणार आणि आता घंटेसारख्या वाजणाऱ्या नळ्यांच्या पट्ट्या सुटणार. नळ्यांना आच लावायचीच नाही. सुटा होणारा भाग कुठला? दांडा. मग धातू दांड्याच्या नाकावर चढवायचा आणि खाचेला हवा तेवढा उतरवायचा. कडी ठोकून फुगवण्याची युक्ती काही लोक करतात, ती त्यांनी बोलूनच निकालात काढली. दोन पावसाळे टिकते म्हणाले, आणि तिसऱ्याला कडीच तुटते.

नाकावर धातू चढवला आणि मग जे सुरू झालं ते बघायला मी शंभर मैल पुन्हा जाईन. एक चिमणी पेटवली, वात मुद्दाम मोठी ठेवली, आणि नाक त्या ज्योतीवर धरून काजळीनं काळं केलं. फोरेंड जुळवून नळ्यांना लावलं, काढलं. जिथे काजळी पुसली जाऊन धातू चमकला तिथेच कानस, तीही एक-दोन ओढी. पुन्हा काजळी, पुन्हा लावणं, पुन्हा काढणं. मी मोजत होतो, २३ वेळा. शेवटी चमक एका ठिपक्यावर न येता सगळ्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर सारखी आली तेव्हा थांबले. आम्ही कार्यशाळेत यासाठी निळा रंग वापरायचो. काजळीचा थर त्याहून पातळ बसतो, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

स्प्रिंग थकलेली होती. तिच्या जागी पियानोच्या तारेची नवी गुंडाळून घातली. लोखंड लाकडात किंचित हिंदकळत होतं, कारण अक्रोडाचं लाकूड एवढ्या वर्षांत आक्रसलेलं. दोन ठिकाणी अक्रोडाचा कागदासारखा पातळ कपचा लावला. तेल शिवणयंत्राचं, तेही काडीच्या टोकानं एक थेंब. खोबरेलाची बाटली दस्त्यापासून लांब ठेवायची, डोक्याला लावायची, असं बजावलं. माझ्या डोक्यावर आता केस फारसे नाहीत, हे त्यांनी बघितलं असावं.

जाता जाता त्यांनी नळ्यांमधल्या काडतुसाच्या घराची लांबीही मापली आणि ती अडीच इंचाची निघाली, म्हणजे ६५ मिलिमीटरची. जुन्या इंग्रजी बंदुका बहुतेक तशाच. हल्लीची बरीच काडतुसं पावणेतीन इंचांची, ७० मिलिमीटरची. ती घरात बसतात, पण उडताना त्यांचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. मी इतकी वर्षं काय वापरत होतो ते त्यांनी विचारलं. मी डब्यावरची लांबी कधी वाचलीच नव्हती. पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' आणायची, नंबर बघायचा, एवढंच माहीत. ठाण्यात, कचेरीत, दुकानात, कुठेही कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. एका सैल खटक्यासाठी गेलो म्हणून कळलं.

सगळं काम साडेतीन तासांचं. मजुरी १४०० रुपये, रीतसर पावती. बटण दाबून सोडलं की आता 'खट्ट' असा कोरडा आवाज येतो, आणि फोरेंड हातात धरून कितीही हिसडलं तरी चार थाऊचं पानही आत जात नाही.

आता माझं म्हणणं. साडेतीन तासांच्या कामाला ४२ दिवस आणि घाट लागत असेल तर माणूस टूबच गुंडाळणार. पुतण्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याची दहा गुंठे भाजी आणि त्याचं पोट, त्यानं कोल्हापूर कधी गाठायचं? परवाना देताना माणसाची चौकशी होते, नूतनीकरणाला पुन्हा कागद बघतात. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, तेही सोयीचं झालं. पण वस्तूची तपासणी कुणी कुठे करत नाही. एसटीची गाडी डेपोतून सुटायच्या आधी कुणीतरी तिच्याखाली वाकून बघतो, तिला योग्यतेचा दाखला लागतो. शंभर वर्षांच्या दुनळीला नुसता क्रमांक जुळला की झालं.

म्हणून जिल्हा प्रशासनाला विनंती अशी की वर्षातून एक दिवस, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, परवानाधारक मिस्त्रींना बोलावून दुरुस्तीचं शिबिर भरवावं. आम्ही शेतकरी मजुरी देऊ, फुकट काही नको. बंदूक तालुक्याबाहेर न्यायचा प्रश्न येणार नाही, पोलीस तिथेच असतील, नोंद तिथेच होईल. भात लावून झाल्यावर, श्रावणात ठेवलं तर माणसांना सवड असते. आणि त्या मिस्त्रींच्या हाताखाली आयटीआयमधून फिटरचं शिक्षण घेतलेली दोन-चार चांगली पोरं बसवावीत, पुढे त्यांना फक्त दुरुस्तीचा परवाना मिळेल अशी वाट करून द्यावी. कोल्हापूरच्या मिस्त्रींनी मला सांगितलं की त्यांच्यामागे हे काम करणारं घरात कुणी नाही. शिकवायला तयार आहेत का असं विचारलं, तर म्हणाले, "शिकणारा आणा की."

दुसरी विनंती ठाण्यांना. २०२४ साली आम्ही दोनदा बंदुका जमा केल्या. १६ मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता, तेव्हा काजू आणि आंबा. १५ ऑक्टोबरपासून विधानसभेची, तेव्हा भातकापणी. सरसकट जमा करू नयेत, छाननी समितीनं माणूस बघून ठरवावं, असं निवडणूक आयोगाचंच म्हणणं आहे आणि त्यामागे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्यावर इतरांनी लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही. माझं मागणं छोटं आहे. जमा झालेल्या बंदुका ढिगानं आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. क्रमांकाची चिठ्ठी फोरेंडला सुतळीनं करकचून बांधता, ती चापाच्या कडीला बांधा. सुतळी पाणी धरते, लाकूड फुगतं, आणि सुटताना कुणीतरी ती उपटून काढतो. लोखंड आणि लाकूड तिथेच एकमेकांपासून सुटायला लागतात.

माझ्यासारख्या परवानाधारकांनी हे पत्र वाचलं तर एवढं करावं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करंगळीनं करा, मग बंद असताना फोरेंड मुठीत धरून पुढेमागे हलवा. हललं, किंवा टोकाचं बटण आळसानं बाहेर आलं, तर बार काढू नका. हे थंडीच्या दिवसांत सकाळी करून बघा, दुपारी नको. टूब आणि तार सोडून टाका. त्यांच्यामुळे खटका सैल आहे हे तुम्हीच विसरता.

पुतण्याच्या बंदुकीची टूब अजून तशीच आहे. त्याच्या नावाचा जिल्ह्याबाहेर नेण्याच्या परवानगीचा अर्ज मीच लिहून दिलाय आणि गेल्या सोमवारी तो कचेरीत पोचलाय. माझ्या फोरेंडमधून निघालेली जुनी स्प्रिंग आणि तो गोठलेल्या खोबरेलाचा गोळा मी तपकिरीच्या डबीत जपून ठेवलाय. शिबिर ठरलं आणि कुणी अधिकारी आले तर दाखवीन.

आपला,
एक निवृत्त फिटर आणि बागायतदार,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग